कृपा आणि कींव



उंब्रजहून कराडकडे किंवा साताऱ्याकडे, कुठल्याही बाजूला हमरस्त्याने निघा. दोन्ही कडेच्या पाट्या वाचत गेलात तर एक शब्द हटकून भेटतो. गुरुकृपा, दत्तकृपा, मातृकृपा, श्रीकृपा. चहाची टपरी असो, गॅरेज असो, खताचं दुकान असो नाहीतर नवा बांधलेला बंगला असो. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर 'आई-वडिलांची कृपा' असतं. घरातली म्हातारी माणसं 'देवाची किरपा' म्हणतात. एस.टी. स्टँडवरचा कर्णा 'कृपया लक्ष द्या' म्हणून ओरडतो. आणि अलीकडे बारशाला मुलीचं नाव कृपा ठेवल्याचंही बऱ्याचदा ऐकू येतं.

एखादं नाणं फार हातांतून गेलं की त्याच्यावरची अक्षरं झिजतात, तसं काहीसं या शब्दाचं झालं आहे. दत्तजयंतीच्या निमित्ताने हा शब्द जरा घासूनपुसून पाहावा, असं मनात आलं. यंदाच्या अंकातला हा पाठ त्यासाठीच.

आधी या शब्दाचं गणगोत बघू. अमरकोशात दयेला सात शब्द दिले आहेत : कारुण्य, करुणा, घृणा, कृपा, दया, अनुकंपा आणि अनुक्रोश. यातलं 'घृणा' वाचून आपण थबकतो. घृणा म्हणजे तर किळस! पण जुन्या संस्कृतात घृणा म्हणजे मन पाघळणं, कळवळा. याचा पुरावा आपल्या रोजच्या वर्तमानपत्रात आहे. 'निर्घृण खून' असं छापून येतं, ते वाचताना आपल्या लक्षात येत नाही की इथे घृणेचा अर्थ दया हाच आहे. निर्घृण म्हणजे ज्याच्यापाशी घृणा, म्हणजे दया, उरली नाही असा. एकाच शब्दाचा एकीकडे दया असा अर्थ जिवंत आहे आणि दुसरीकडे किळस असा. दीनदुबळ्याकडे बघून आतडं तुटणं आणि त्याच्याकडे बघून नाक मुरडणं, यात अंतर किती कमी आहे हे या एका शब्दाच्या प्रवासात दिसतं.

'अनुकंपा' हा शब्द आता सरकारी झाला. घरातला कर्ता माणूस नोकरीत असताना गेला की मुलाला 'अनुकंपा तत्त्वावर' घेतात, एवढाच तो आपल्याला ठाऊक. मूळ अर्थ फार सुंदर आहे. कंप म्हणजे थरथरणं, अनु म्हणजे मागोमाग. दुसरा थरथरला की त्याच्याबरोबर आपणही थरथरणं, ही अनुकंपा. तसाच 'अनुक्रोश'. क्रोश म्हणजे आक्रोशातला क्रोश. दुसऱ्याच्या रडण्याबरोबर आपल्यालाही रडू फुटणं. हा शब्द आता कुणी वापरत नाही, पण महाभारताच्या अनुशासनपर्वात भीष्म युधिष्ठिराला त्याच्यावर एक गोष्टच सांगतात.

एका पारध्याचा विषारी बाण हरणाला न लागता एका मोठ्या झाडात रुतला. विष भिनत गेलं, पानं गळली, फळं गळली, झाड वाळून खराटा झालं. सगळी पाखरं उडून गेली. एक पोपट मात्र ढोलीतच बसून राहिला. खाणं नाही, हिंडणं नाही, झाडाबरोबर तोही सुकत चालला. इंद्राला नवल वाटलं. तो ब्राह्मणाच्या वेषात आला आणि म्हणाला, अरे, रानात पाना-फळांनी भरलेली इतकी झाडं असताना या लाकडाला काय धरून बसलास? पोपट म्हणाला, इथेच जन्मलो, इथेच वाढलो, याच झाडानं मला शत्रूंपासून राखलं. चांगल्या दिवसांत ज्याच्यावर जगलो त्याला आता कसा टाकू? इंद्र प्रसन्न झाला, वर माग म्हणाला. पोपटानं काय मागावं? झाड पुन्हा हिरवं होऊ दे. इंद्रानं अमृत शिंपडलं आणि झाडाला पालवी फुटली.

या पोपटाला झाडाचं दुःख दूर करता येत नव्हतं. तो औषध आणू शकत नव्हता, पाणी घालू शकत नव्हता. त्याला फक्त बसून राहता येत होतं, तेवढं त्यानं केलं. घरात कुणी अंथरुणाला खिळलेलं असतं, डॉक्टरांनी हात टेकलेले असतात, तेव्हा उशाशी बसणाऱ्याचं काम हे असंच असतं. त्यालाच आपले पूर्वज अनुक्रोश म्हणत.

आता कृपेकडे वळू. कोशकार हा शब्द 'कृप्' या धातूशी जोडतात. शोक करणं, कळवळणं, असा त्याचा अर्थ. 'कृपण' हा शब्दही याच घरातला. आज आपण कृपण म्हणजे कंजूष, कवडीचुंबक असं समजतो. मूळ अर्थ कींव येण्याजोगा, दीन, असा आहे. बृहदारण्यक उपनिषदात याज्ञवल्क्य गार्गीला सांगतात की ते अक्षर ब्रह्म न जाणताच जो या जगातून जातो, तो कृपण. तिथे पैशाचा काही संबंध नाही. हातात सगळं असून ज्याला काहीच लाभलं नाही असा बिचारा, एवढंच. मग असा माणूस सगळं धरून ठेवतो, सुटू देत नाही, म्हणून पुढे कृपण म्हणजे चिक्कू झाला. तेव्हा ज्याच्यावर कृपा करायची तो कृपण आणि ज्याला कृपा करता येत नाही तोही कृपणच. (जुने टीकाकार 'कृपाण' म्हणजे तलवार या शब्दाचीही फोड गमतीनं करतात : जी कृपेला हुसकून लावते ती कृपाण. व्याकरण काही असो, फोड ध्यानात राहण्यासारखी आहे.)

कृपा हे नाव माणसाला ठेवण्याची रीत आजची नाही. महाभारताच्या आदिपर्वात तिची जन्मकथाच आहे. गौतमगोत्री शरद्वान नावाचा एक तपस्वी होता. वेदापेक्षा धनुर्विद्येत त्याचं मन अधिक. त्याच्या तपाला भिऊन इंद्रानं जानपदी नावाची अप्सरा पाठवली. तिला पाहून शरद्वानाचा तोल गेला, पण तो धनुष्यबाण आणि मृगाजिन तिथेच टाकून निघून गेला. त्याचं तेज बोरूच्या बेटावर पडलं, त्याचे दोन भाग झाले आणि त्यातून एक मुलगा आणि एक मुलगी जन्माला आली. आई नाही, बाप नाही. राजा शंतनू शिकारीला आला होता. त्याच्या एका सैनिकाला ती दोन बाळं दिसली, शेजारी धनुष्य, बाण आणि काळविटाचं कातडं. ती बाळं त्यानं राजाला दाखवली. शंतनूनं ती उचलली, 'ही माझी मुलं' म्हणून घरी आणली आणि वाढवली. कृपेने वाढवली म्हणून मुलाचं नाव कृप, मुलीचं नाव कृपी.

इथे जरा थांबा. आपण मुलांना जी नावं ठेवतो ती बहुधा आपल्या आशेची असतात. मुलगा शूर व्हावा म्हणून विक्रम, मुलीच्या पायगुणानं लक्ष्मी यावी म्हणून लक्ष्मी. कृप आणि कृपी ही नावं तशी नाहीत. ही मुलं पुढे कृपाळू होतील असं त्यात म्हटलेलं नाही. त्यांच्यावर कुणीतरी कृपा केली, ती विसरू नये म्हणून ती नावं. आपल्या दत्तप्रभूंचं नाव असंच आहे. दत्त म्हणजे दिलेला. देवानं स्वतःलाच अत्रींना देऊन टाकलं म्हणून दत्त. नावात गुण नाही, घडलेली गोष्ट आहे.

मग त्या नावाचं पुढे झालं काय? कृपाचे कृपाचार्य झाले, कौरव-पांडवांना त्यांनीच आधी धनुर्विद्या शिकवली. कृपीचं लग्न द्रोणाशी झालं. राजवाड्यात वाढलेली मुलगी अशा घरात गेली की जिथे पोराला प्यायला दूध नव्हतं. पिठात पाणी कालवून पोरांनी अश्वत्थाम्याला 'दूध' म्हणून पाजलं आणि तो 'दूध प्यालो' म्हणून नाचला, ही गोष्ट आपण सगळे लहानपणी ऐकलेले आहोत. ते घर कृपीचं. त्या गोष्टीत द्रोणाचा अपमान सगळे सांगतात. कृपीला त्या दिवशी काय वाटलं असेल ते कुणी सांगत नाही.

आणि युद्ध संपल्यावरची ती रात्र. दुर्योधन मांडी फोडून पडलेला. कौरवांकडचे तीन वीर उरले : अश्वत्थामा, कृतवर्मा आणि कृप. झाडावर झोपलेल्या कावळ्यांना घुबड मारतं हे बघून अश्वत्थाम्यानं झोपलेल्या पांडव-सैन्याला मारायचं ठरवलं. कृपाचार्यांनी त्याला अडवलं. झोपलेल्याला, शस्त्र टाकलेल्याला मारू नये, आधी धृतराष्ट्र, गांधारी, विदुर यांना विचारू, असं समजावलं. भाच्यानं ऐकलं नाही. मग मामा काय करतो? तोही मागोमाग जातो. आत अश्वत्थामा कापाकापी करत होता आणि बाहेर दारावर कृप आणि कृतवर्मा उभे राहून पळून येणाऱ्यांना मारत होते.

ज्याचं नावच कृपा, तो कत्तलीच्या दारावर पहारा देत होता. व्यासांनी हे लपवलेलं नाही. भाविकांना हे वाचताना त्रास होतो, मलाही होतो. कारण हेच कृपाचार्य आपल्या सात चिरंजीवांत आहेत. अश्वत्थामा, बळी, व्यास, हनुमान, बिभीषण, कृप आणि परशुराम. वाढदिवसाला औक्षण करताना ज्यांचं स्मरण करायची रीत आहे, त्यांत मामा-भाचे दोघेही येतात. आपल्या उंब्रजला समर्थांच्या अकरा मारुतींपैकी एक आहे, तोही याच सातांतला. हनुमंत चिरंजीव का, हे कुणाला सांगावं लागत नाही. कृप का, याचा विचार आपण करत नाही. चिरंजीव म्हणजे फक्त वंदनीय असं नसावं. काही जण विसरले जाऊ नयेत म्हणूनही चिरंजीव असतील. हे माझं मत, शास्त्रार्थ नव्हे.

पण ही कथा इथे संपत नाही. तिचा खरा गाभा श्रीमद्भागवतात, पहिल्या स्कंधाच्या ७ व्या अध्यायात आहे. द्रौपदीची पाचही मुलं झोपेत मारली गेली. अर्जुनानं पाठलाग करून अश्वत्थाम्याला दोरांनी बांधून तिच्यासमोर आणून टाकलं. आता बघा. तिच्यासमोर तिच्या पाच मुलांचा मारेकरी आहे, मान खाली घालून उभा. तलवार अर्जुनाच्या हातात आहे. तिनं नुसती मान हलवायची. ती काय करते? त्याला नमस्कार करते आणि म्हणते, सोडा याला. हा तुमच्या गुरूंचा मुलगा. द्रोणांचं अर्धं शरीर असलेली कृपी अजून जिवंत आहे, या मुलासाठी ती सती गेली नाही. मी जशी मुलं गेली म्हणून रडते आहे, तशी ती न रडो.

तिथे भीम संतापला, मारायलाच हवं म्हणाला. धर्मराज, नकुल, सहदेव द्रौपदीच्या बाजूनं बोलले. भगवंतांनी अर्जुनाला दोन्ही गोष्टी सांभाळायला सांगितल्या, आणि अर्जुनानं त्याच्या मस्तकावरचा मणी केसांसकट काढून घेऊन त्याला हाकलून दिलं. शिक्षा झाली, जीव गेला नाही.

कथेत कृपी स्वतः कुठेच समोर येत नाही. ती दूर कुठेतरी आहे, नवरा गेलेली, मुलाची वाट बघणारी. पण तिचं नाव उच्चारलं गेलं आणि एक जीव वाचला. बोरूच्या बेटात टाकलेल्या ज्या मुलीवर कधीकाळी शंतनूनं कृपा केली होती, तिच्यावर आता द्रौपदीनं केली. एकदा राजानं, एकदा मुलं गमावलेल्या बाईनं. यातली मोठी कुठली, हे ज्यानं त्यानं ठरवावं. मी मात्र पारायणात हा अध्याय आला की राजाला विसरतो.

द्रौपदीच्या बोलण्यात एक गोष्ट फार बारकाईनं बघण्यासारखी आहे. ती अश्वत्थाम्याला 'बिचारा' म्हणत नाही. कृपीलाही 'बिचारी' म्हणत नाही. 'मी जशी, तशी ती' एवढंच म्हणते. आणि इथे मला आपल्या मराठीतला एक जुना शब्द आठवतो : कींव.

कींव आणि कृपा हे मुळात एकच शब्द आहेत. संस्कृतातला 'ऋ' प्राकृतात पुष्कळदा 'इ' होतो. कृपा चे 'किवा' झाले. हेमचंद्र या १२ व्या शतकातल्या थोर व्याकरणकारानं हा नियम सांगताना उदाहरणांच्या यादीत पहिला शब्द कृपा हाच धरला आहे. त्या किवाची मराठीत कींव झाली. म्हणजे एकाच आईच्या दोन मुली. एक संस्कृताच्या सोवळ्यात राहिली, ती कृपा. दुसरी लोकांच्या तोंडातोंडी, पायवाटेनं आली, ती कींव. आणि आता दोघींचा मान बघा. 'महाराज, कृपा करा' असं आपण हात जोडून म्हणतो. 'माझी कींव करू नका' असं मान ताठ करून म्हणतो. देवाकडून आली तर कृपा, शेजाऱ्याकडून आली तर कींव!

असं का झालं असेल? माणूस दुसऱ्याला काही देताना स्वतः एक पायरी वर चढतो, हे घेणाऱ्याला कळतं. ज्यानं आयुष्यभर कष्ट करून घर चालवलं, त्या म्हाताऱ्याला मुलानं औषधाचे पैसे देताना जो सूर लावला, त्या सुरावरून म्हाताऱ्याला बरोबर समजतं की ही कृपा की कींव. रक्कम तीच असते. आपल्या वयाच्या माणसांना हे अधिक सांगायला नको. देणारे म्हणून आपण बरीच वर्षं काढली, आता घेणारे होण्याची पाळी येते, आणि तेव्हा या दोन शब्दांतला फरक हाडापर्यंत कळतो.

गीतेतही या शब्दाशी व्यासांनी फार विचारपूर्वक खेळ केला आहे. स्टँडवरच्या कर्ण्यातला जो 'कृपया', तोच शब्द गीतेच्या पहिल्या अध्यायात आणि दुसऱ्या अध्यायाच्या पहिल्याच श्लोकात आहे. कृपा शब्दाची ही तृतीया विभक्ती : कृपेने. समोर आप्तस्वकीय बघून अर्जुन कृपेनं घेरला गेला, असं तिथे सांगितलं आहे. आणि पुढे भगवंत या कृपेचं कौतुक करत नाहीत, उलट तिला दुबळेपण म्हणतात. थोड्याच श्लोकांनी अर्जुन स्वतःच कबूल करतो की आपला स्वभाव 'कार्पण्य' या दोषानं झाकोळला आहे. कार्पण्य म्हणजे कृपणपणा, पुन्हा तेच घर. आणि ४९ व्या श्लोकात भगवंत फळावर डोळा ठेवणाऱ्यांना 'कृपण' म्हणतात. एकाच धातूचे तीन शब्द दुसऱ्या अध्यायात ओळीनं भेटतात. अर्जुनाला जी कृपा आली ती 'माझे' लोक मरतील म्हणून आली होती. परक्या सैन्यासाठी आली नव्हती. माझ्या मुलाला नोकरी नाही म्हणून माझं आतडं तुटतं, शेजारच्या मुलाला नाही तर मी 'बघू, लागेल' म्हणतो. ती ही कृपा.

आणि भक्ताचं लक्षण सांगायची वेळ १२ व्या अध्यायात आली तेव्हा शब्द आला 'करुण'. दैवी संपत्ती मोजताना १६ व्या अध्यायात शब्द आला 'दया', तीही सर्व भूतांच्या ठायी. १० व्या अध्यायात भगवंत स्वतः भक्तांच्या अंतःकरणात ज्ञानाचा दिवा लावतो ते कशासाठी, तर 'अनुकंपा' म्हणून. परमेश्वरानं स्वतःसाठी निवडला तो थरथरण्याचा शब्द.

आता गुरुचरित्राकडे येऊ, कारण आपली सगळी भिस्त गुरुकृपेवर. आपल्या गावावरून वाहणारी कृष्णा उंब्रजला तारळीला पोटात घेते, कराडला कोयनेला भेटते, पुढे औदुंबरला जाते, तिथून सांगलीवरून नरसोबावाडीला पंचगंगेला मिळते आणि कर्नाटकात कुरवपूरला श्रीपाद श्रीवल्लभांच्या चरणांशी जाते. गुरुचरित्रातली निम्मी कृपा या एका नदीच्या काठावर घडली आहे.

त्यातली १८ व्या अध्यायातली घेवड्याच्या वेलाची गोष्ट घ्या. अमरापुरात एक गरीब ब्राह्मण कोरान्न मागून राही. ज्या दिवशी भिक्षा मिळत नसे त्या दिवशी दारातल्या घेवड्याच्या शेंगा शिजवून घरची माणसं पोट भरत. श्रीगुरू त्यांच्या दारी भिक्षेला आले. घरात धान्य नव्हतं, बाईनं घेवड्याची भाजी वाढली. महाराज तृप्त होऊन उठले आणि जाता जाता त्यांनी तो वेलच मुळापासून तोडून टाकला. बाईनं आकांत केला. आपण तिच्या जागी असतो तर काय म्हटलं असतं? ज्याचं खाल्लं त्याचंच घर बुडवलं, असंच म्हटलं असतं. नवऱ्यानं तिची समजूत घातली, श्रीगुरूंना बोल लावू नकोस म्हणाला, आणि वेलाचं राहिलेलं मूळ काढायला खणू लागला. खाली द्रव्याचा हंडा निघाला.

कीर्तनात या गोष्टीचा भर हंड्यावर असतो. मला वाटतं, तो वेलावर द्यावा. कींव करणाऱ्यानं काय केलं असतं? चार पायल्या जोंधळा पाठवला असता. घर तसंच राहिलं असतं, वेलही, आणि रोजची विवंचनाही. श्रीगुरूंनी आधी त्यांच्या घरी जेवण केलं, त्यांच्याकडून घेतलं. घरात काहीच नसलेल्या बाईला दाता होऊ दिलं. मग वेल तोडला. ज्याच्यावर आपण कसंबसं जगतो, त्यालाच आपण आधार समजून धरून बसतो, हा कृपणपणाच की! पण यातही सावध राहायला हवं. हंडा कुठे आहे हे श्रीगुरूंना दिसत होतं. आपल्याला दिसत नाही. तेव्हा 'तुझ्या भल्यासाठीच' म्हणून दुसऱ्याचा वेल तोडायला आपण जाऊ नये. सासू-सुनेच्या, बाप-लेकाच्या भांडणात हे वाक्य फार वापरलं जातं.

त्याच्या आधीच्या, १७ व्या अध्यायात औदुंबरची गोष्ट आहे. करवीरचा एक मंदबुद्धी ब्राह्मणपुत्र. लोक टोचून बोलत. कंटाळून तो भिलवडीला भुवनेश्वरीच्या देवळात आला, तीन दिवस उपाशी बसला, शेवटी जीभ कापून देवीच्या पायांवर ठेवली. देवीनं स्वप्नात सांगितलं, माझ्यावर रागावू नको, कृष्णेच्या पश्चिम तीरावर औदुंबराखाली एक तपस्वी आहेत, त्यांच्याकडे जा. तो नदी पोहून पलीकडे गेला आणि त्याला जीभही मिळाली, विद्याही मिळाली. आजही भिलवडीच्या बाजूला भुवनेश्वरी आणि समोरच्या काठावर औदुंबरचं दत्तस्थान आहे. यातल्या देवीचं मला फार आवडतं. 'हे माझ्याच्यानं नाही, पलीकडे जा' असं सांगताना तिला कमीपणा वाटला नाही. लोकांची टोचणी आणि देवीचं बोट, दोन्हींचा रोख त्याच मुलाकडे होता.

एक शास्त्राची गोष्ट राहिली. मुलाचं नाव कृपा, करुणा, दया ठेवण्यानं काही होतं का, असं पुष्कळ जण विचारतात. गौतम धर्मसूत्राच्या ८ व्या अध्यायात ४० संस्कार मोजले आहेत. त्यात नामकरण पाचवं. पण संस्कार संपल्यावर सूत्रकार लगेच आठ आत्मगुण सांगतात : सर्व भूतांवर दया, क्षमा, अनसूया, शौच, अनायास, मंगल, अकार्पण्य आणि अस्पृहा. पहिली दया. तिसरी अनसूया, आपल्या दत्तमाऊलीचं नाव, म्हणजे दुसऱ्याच्या चांगल्यात खोट न काढणं. सातवं अकार्पण्य, म्हणजे कृपण नसणं. आणि मग गौतमांनी स्पष्ट सांगून टाकलं आहे : चाळीसही संस्कार झाले पण आठ गुण नसतील तर त्याला ब्रह्मलोक नाही, आणि संस्कार थोडेच झाले पण आठ गुण असतील तर आहे. इतक्या जुन्या, इतक्या कर्मठ ग्रंथात हे सांगितलं आहे.

नावं जरूर ठेवा. पतंजलींच्या योगसूत्रातल्या मैत्री, करुणा, मुदिता या तिन्ही आता मुलींची नावं झाल्या आहेत. चौथी उपेक्षा, ती मात्र कुणी ठेवत नाही, कारण मराठीत उपेक्षा म्हणजे दुर्लक्ष. तिथे तिचा अर्थ वेगळा, पण तो पुन्हा केव्हातरी.

आणि कृपाचार्यांचं पुढे काय झालं ते सांगायचं राहिलं. अश्वत्थाम्यानं त्या रात्रीनंतर उत्तरेच्या पोटातल्या गर्भावरही अस्त्र सोडलं होतं. भगवंतांनी ते मूल वाचवलं, तो परीक्षित. पुढे पांडव सगळं सोडून महाप्रस्थानाला निघाले, तेव्हा नातवाला कुणाच्या स्वाधीन करावं हा प्रश्न होता. युधिष्ठिरानं कृपाचार्यांना बोलावलं, त्यांची पूजा केली आणि परीक्षिताचा हात शिष्य म्हणून त्यांच्याच हातात दिला.